मालनबाईची सुई आणि अर्धी बांधी

“वाकीन त धानापुढं, बाकी कोणापुढंच नाही.”

मालनबाईचं हे बोलणं दिघोरीत सगळ्यांना पाठ होतं. ती ते रागावून म्हणत नसे. पदर कंबरेला खोचता खोचता, आज ऊन आहे असं कोणी सांगावं, तसं म्हणायची. रेशनच्या दुकानात काटा हलका निघाला तेव्हा म्हणाली. ग्रामसेवकाने तासभर दारात उभं ठेवलं तेव्हा म्हणाली, आणि आत जाऊन त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली. तिच्या सासऱ्याने छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. मान खाली घालून बोलायची सवय त्या घरातून तेव्हाच गेली होती. मालनबाई सून होऊन आली तेव्हा तिला हे कोणी शिकवलं नाही. त्या घरचं पाणी प्यायली, तशी तीही सरळ झाली.

धानापुढं मात्र ती खरोखर वाकली. तीस पावसाळे वाकली. आमच्या झाडीपट्टीत धान पेरून मोकळं होता येत नाही. आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे, म्हणजे धानाची रोपं दाट वाढवायची. ती वीतभर झाली की उपटायची, पेंड्या बांधायच्या, आणि चिखल करून ठेवलेल्या बांधीत एकेक चिमूट रोवायची. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला शेताचा तुकडा. बाया ओळीने उभ्या राहतात, वाकतात, रोवतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. समोर हिरवं वाढत जातं आणि पाठीमागे चिखल कमी होत जातो. ओळीच्या टोकाला जी बाई असते तिच्या हाताच्या चालीवर सगळी ओळ चालते. दिघोरीच्या चौदा बायांच्या टोळीत त्या टोकावर मालनबाई असायची.

तिच्या टोळीला लाखांदुरापर्यंत मागणी होती, ती एका नियमामुळे. बांधी पुरी झाल्याशिवाय कोणी शिदोरी सोडायची नाही. मालनबाई म्हणायची, अर्ध्यात खायला उठलेल्या बायांची बांधी उपाशी राहते, तिथलं धान विरळ उगवतं. हा नियम तिला सासूने दिला नव्हता की कोण्या मालकाने. तो तिचाच होता. बांधी लहान असो की मोठी, नऊ वाजोत की बारा, शेवटची चिमूट रोवल्यावरच कंबर सरळ व्हायची आणि मग भाकर सुटायची. मालक लोकांना हा नियम फार आवडायचा. का आवडायचा हे सांगायची गरज नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. मालनबाईची साखर त्याआधी पाच वर्षांपासून वाढलेली होती. गोळ्या चालू होत्या. त्या उन्हाळ्यात तिच्या टाचेला काटा गेला आणि दीड महिना जखम भरेना. अंगावरचं मांस उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गावची आशा कार्यकर्ती रीना तिला ओढूनच तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि सांगितलं, गोळ्यांचं काम संपलं, आता इन्सुलिन. सकाळी चौदा युनिट, संध्याकाळी आठ. स्वतःच्या हाताने घ्यायची, पोटात.

पोटात हा शब्द ऐकला आणि मालनबाई उठली. चप्पल घातली आणि बाहेर पडून बस थांब्यावर जाऊन उभी राहिली. रीना कागद गोळा करून मागून धावत आली.

“काय झालं वो मावशी?”

“घरी चाल.”

“अवो पण डाक्टर...”

“घरी चाल म्हणतो ना!”

जिने घरात निघालेली धामण शेपटीला धरून नाल्यापर्यंत नेऊन सोडली, ती बाई एका सुईच्या नावाने बस थांब्यावर घामाघूम उभी होती. याचं कारण रीनाला ठाऊक नव्हतं. मालनबाई नऊ वर्षांची असताना तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्या काळी त्याची चौदा इंजेक्शनं असत, बेंबीच्या भोवती, रोज एक. बाप तिला पाच कोस चालवत दवाखान्यात न्यायचा. काचेची पिचकारी उकळत्या पाण्यातून निघायची, तिची सुई गोणपाट शिवायच्या दाभणासारखी दिसायची, आणि दोन माणसं तिचे हातपाय धरायची. चौदा दिवसांत पोटाचा दगड झाला. पोर वाचली. पण भीती मात्र पोटातच राहून गेली.

दुसरी भीती गावाची होती. समोरच्या घरच्या शकुनबाईचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. सगळे म्हणत, शकुनबाईला सुई लागली आणि दोन सालात पाय गेला. सुई लागली की माणूस संपलं, हा हिशेब दिघोरीत इतका पक्का होता की इन्सुलिनचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे.

त्या संध्याकाळी मालनबाई शकुनबाईच्या खाटेवर जाऊन बसली. तिला वाटलं, इथे तरी आपल्या बाजूने बोलणारं माणूस मिळेल.

“काकू, डाक्टर मले सुई लावतो म्हणते.”

“मंग?”

“मंग काय? तुमचा पाय गेला ना सुईनं.”

शकुनबाई हसायला लागली. इतकी हसली की तिला खोकला आला. मग पदराने डोळे पुसून तिने दाराकडे पाहिलं, कोणी नाही ना.

“तुले सांगतो मालन, पण तोंड बंद ठेवजो. सुई मी कधी घेतलीच नाही वो. नर्सबाई बाटल्या देत होती अन् मी एकेक बाटली बोडीच्या पाण्यात फेकून येत होती. घरच्याइले सांगत होती, घेतली म्हणून. दोन सालं माही सुई मासोळ्याइनं घेतली.”

“अन् पाय?”

“पाय सडला. आता लोकाइले काय सांगू, म्या औषध बुडवलं म्हणून? सुईवर ढकललं. सुई काय बोलते थोडी!” मग हसू ओसरलं. तिने उरलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू रोवण्याची बाई होय. तुले दोन पाय लागतात. माह्यासारखी शहाणी होऊ नोको.”

मालनबाई उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रीनाच्या दारात होती.

“शिकव मले.”

रीनाने आधी एक वांगं आणलं. पिचकारीत साधं पाणी भरून वांग्यात सोडायला लावलं. मालनबाईचा हात वांग्यावर झकास चालला. रीना म्हणाली, “पाहा, किती सोपं हाय.” मालनबाई म्हणाली, “वांगं कुठं ओरडते!” पुढचे तीन दिवस ती वांग्याच्या जागी स्वतःचं पोट पाहायची, सुई एक बोटभर अंतरावर आणायची आणि रीनाच्या हातात देऊन डोळे मिटायची. रीना टोचायची. ते दुखत नव्हतं, हेही तिला कळत होतं. सुई दाभणासारखी नव्हती, पऱ्ह्याच्या मुळाइतकी बारीक होती. पण हात पुढे जात नव्हता.

त्याच आठवड्यात तिचा नवरा डोमा तुमसरहून आला. तो तिकडे धानाच्या मिलमध्ये हमाल होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. औषध थंड ठेवावं लागतं हे त्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं, म्हणून स्टेशनवरून थर्मासभर बर्फ घेऊन आला आणि मोठ्या प्रेमाने बाटली त्या बर्फात खुपसली. सकाळी औषधाचा खडा झाला होता. रीनाने कपाळावर हात मारला.

“मामाजी, थंड म्हणजे बर्फ नाही! गोठलं की औषध मेलं. आता वितळलं तरी ते कामाचं नाही.”

डोमा ओशाळला. मग रीनाने दुसरी बाटली आणून रीत दाखवली. नवीन लहानशी गाडगी, तिच्यात ओली रेती, रेतीत डबी, डबीत बाटली. चुलीपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात. रेती सुकू द्यायची नाही. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांचं औषध असंच टिकतं. डोमाने ती गाडगी स्वतः आणून मांडली. नंतर हळूच म्हणाला, “मी लावून देऊ का सुई तुले?” बोलताना त्याने सुईकडे पाहायचं टाळलं. मालनबाई म्हणाली, “तुमी बसा. एका घरात एकच भित्रं माणूस पुरे.”

सोमवारपासून रीनाचं लाखांदूरला प्रशिक्षण होतं. ती येणार नव्हती, आणि रोवणा दहा दिवसांवर होता.

त्या सोमवारी सकाळी मालनबाईने साबणाने हात धुतले आणि दारातल्या उजेडात बसली. गढूळ औषधाची बाटली दोन तळव्यांमध्ये हळूहळू फिरवली, हलवली नाही, कारण हलवली की फेस होतो. लाल टोपणाची चाळीस रेघांची पिचकारी घेतली, बाटलीवरही चाळीसच लिहिलं आहे हे पाहून घेतलं. रीनाने हे दहादा बजावलं होतं. चौदा रेघांइतकी हवा ओढली, बाटलीत सोडली, बाटली उलटी केली, चौदा रेघा औषध ओढलं. नखाने टिचकी मारून बुडबुडा वर घालवला. सगळं वांग्याइतकं नीट झालं. मग बेंबीपासून चार बोटं सोडून पोटाची कातडी चिमटीत धरली आणि थांबली.

किती वेळ थांबली कुणास ठाऊक. रस्त्यावरून गाई गेल्या.

तिचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठा आणि दोन बोटं. याच तीन बोटांनी ती पऱ्हा धरते. नव्या पोरींना ती किती वर्षं शिकवत आली होती: सरळ घाल, एकदाच घाल, बिचकू नोको, बिचकलेल्या हाताचं रोप पाण्यावर तरंगते. तिने स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, “मालन, रोव.”

आणि रोवलं.

दट्ट्या दाबला. एक ते दहा मोजले. सुई सरळ बाहेर काढली, तिथे चोळलं नाही. पोटावर रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता. ती सुई तिने जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकली, झाकण लावलं. दारात कोणी नव्हतं. तरी ती म्हणाली, “मेलं रे ते कुत्रं आज.”

उद्या बेंबीच्या दुसऱ्या बाजूला, परवा आणखी चार बोटं सरकून. रोज जागा बदलायची, हे तिला सांगावंच लागलं नाही. एकाच जागी दोन रोपं कोण रोवते?

पण गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

रोवणा लागला. पहिली बांधी भय्याजींची. वीस एकरांचा धनी, बोलायला गोड, कामाला करडा. पहाटे उठून मालनबाईने सुई घेतली, काळा चहा घोटभर घेतला आणि निघाली. घरी काही खाल्लं नाही. टोळीच्या बाया निघताना खात नसत. बांधी झाल्यावर सगळ्या मिळून खायच्या. आणि आज पहिल्याच दिवशी टोकावरची बाई घरून जेवून यावी, हे तिला स्वतःलाच लाजिरवाणं वाटलं. रीनाने सांगितलं होतं, सुई घेतली की अर्ध्या तासात खायचंच. मालनबाईला वाटलं, ते बसून राहणाऱ्यांसाठी असेल.

बांधी मोठी होती. नऊच्या सुमारास तिच्या हाताला कंप आला. तिने तो चिखलात बुडवून लपवला. घाम फुटला, पण चिखलात कोणाला घाम फुटत नाही? पुढची रोपं दोन-दोन दिसायला लागली. तिची ओळ वाकडी गेली. शेजारी रोवणाऱ्या चंद्रकलाने पाहिलं. चंद्रकला तिच्याच गल्लीतली, हातात तिच्या खालोखाल, आणि तोंडात तिच्या वर.

“बाई, तुमची ओळ कुठं चालली? पवनीले जाता का?”

मालनबाई चिखलात बसली, मग एका कुशीवर कलली.

बायांनी तिला उचलून धुऱ्यावर आणलं. ती शुद्धीत होती, डोळे उघडे होते, पण बोलणं जड झालं होतं. टोळीतली सर्वांत म्हातारी रंभाबाई, तिने इकडेतिकडे पाहिलं. भय्याजी छत्रीखाली उभे राहून चहा पीत होते. रंभाबाई सरळ गेली आणि त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

“अवो माय, गोड नोको देऊ!” चंद्रकला ओरडली. “तिले साखरेचा आजार हाय. मारता का तिले?”

“तू सरक! चक्कर आलेल्याले गोडच देतात. माह्या आईनं दिलं, तिच्या आईनं दिलं.”

“तिचं वेगळं हाय वो!”

“पोट त सारखंच हाय ना?” असं म्हणून रंभाबाईने पेला तिच्या ओठांना लावला. मालनबाईने एक घोट गिळला, दुसरा गिळला, पेला संपवला. दहा-बारा मिनिटांनी तिने डोळे पुसले आणि विचारलं, “बांधी किती राहिली?”

तोवर भय्याजींनी आपलं ठरवून टाकलं होतं. “मालनबाई, तू घरी जा. सुई लागलेलं माणूस चिखलात नोको. उद्या इथं काही झालं त माह्या माथी येईल. अन् ती सुई कुठं बांधीत पडली, कोण्या बाईच्या पायात गेली, मंग?” मग बायांकडे वळून म्हणाले, “उद्यापासून टोकावर चंद्रकला राहील.”

चंद्रकलाने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, सुईने मालनबाईला पाडलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच उपकेंद्रात गेली. तिथल्या सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आजी...”

“आजी कोण? सेहेचाळीसची हाय मी.”

“बरं, बाई. सुईनं नाही पाडलं तुम्हाला. उपासानं पाडलं. औषध आत गेलं की ते साखर उतरवतं. पोटात अन्न नसेल तर अंगातली साखर फार खाली जाते. हात कापतात, घाम येतो, डोळ्यापुढे अंधारी येते. तुमच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी बरोबर केलं. शुद्ध असेल, गिळता येत असेल, तर लगेच गोड द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. आता पदराला साखर बांधून ठेवत जा.”

“साखरेच्या रोग्यानं साखर बांधायची?”

“हो. अन् सुईनंतर जेवायचं, चिखलात असाल तर मध्ये दोन-तीन तासांनी पुन्हा काही खायचं. मेहनतीच्या दिवसांत औषध किती घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारून घेऊ. मनाने कमीजास्त करू नका.”

“म्हणजे सुई सोडू नोको, उपास सोडू.”

“अगदी तेच.”

सिस्टरला ही गोष्ट सोपी वाटली. मालनबाईला ती सुईहून अवघड होती. उपास तिचा होता. त्या उपासावर तिचं नाव उभं होतं. परत येताना सगळ्या वाटेत तिला एक दिवस दिसत राहिला. वीस वर्षांपूर्वीचा. चंद्रकला नवी नवरी, पहिलटकरीण, पाचवा महिना. बांधी संपत नव्हती म्हणून तिने कंबरेच्या गाठीतून चार लाह्या काढून तोंडात टाकल्या. मालनबाईने सगळ्यांपुढे तिला ओळीतून बाहेर काढलं होतं. दुपारपर्यंत ती पोर धुऱ्यावर उन्हात बसली होती.

डॉक्टरांना विचारून झालं, त्यांनी सकाळचा आकडा थोडा कमी केला. तिसऱ्या दिवशी सहा वाजता टोळी भय्याजींच्या शेतावर पोचली तर मालनबाई आधीच धुऱ्यावर बसलेली. शेजारी पाण्याची बाटली, साबणाची वडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी, शिदोरीचं गाठोडं. घरी सुई घेऊन, घरीच जेवून आली असती तरी चाललं असतं. पण गावाने जे बोलायचं ते उघड्यावर बोललं होतं, तर उत्तरही उघड्यावर द्यायचं तिने ठरवलं होतं.

भय्याजी छत्री मिटून जवळ आले. “तुले सांगतलं होतं ना मी?”

“सांगतलं. आता मी सांगतो, ते आयका. पण अगोदर तिकडं तोंड करा.”

“काहून?”

“पोट उघडं करून राहिली मी, म्हणून.”

भय्याजी गर्रकन वळले. बाया हसल्या, पण लगेच गप्प झाल्या, कारण मालनबाईने हात धुऊन पिचकारी हातात घेतली होती. तेरा बाया भोवती गोल झाल्या. तिने बाटली फिरवली, औषध ओढलं, बुडबुडा घालवला, चिमूट धरली आणि तीन बोटांनी सुई सरळ आत घातली. कोणीतरी “माय वो” म्हटलं. मालनबाई एक-दोन-तीन मोजत होती आणि मोजता मोजता सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. दहा झाल्यावर सुई काढली, डब्यात टाकली, झाकण घट्ट केलं आणि डबा भय्याजींच्या पाठीकडे उंच धरला.

“वळा आता. पाहा. तुमच्या बांधीत सुई पडत नाही. डबा भरला की उपकेंद्रात जाते.”

मग तिने शिदोरी सोडली. रोवण्याच्या आधी. एक चिमूटही चिखलात गेली नव्हती. भाकर, अंबाडीची भाजी. ती सावकाश जेवायला लागली आणि बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या.

“बाई,” चंद्रकला शेवटी म्हणाली, “बांधी उपाशी राहील ना.”

“बांधी कधी उपाशी नव्हती वो. बायाच होत्या. तुले मी चार लाह्यांसाठी बाहेर काढलं होतं, पोटुशी असताना.”

“आठवते मले.”

“आठवन ठेवलीस?”

“वीस सालं झाली. रोज रोवताना आठवते.” चंद्रकलाचा आवाज चढला. “माह्या पोटात गोळा उठत होता तेव्हा. तुमी पाहत बी नव्हत्या माह्याकडं!”

“नव्हती पाहत. मी चुकली. शिव्या द्यायच्या असतील त दे, पण घास घेता घेता दे. बस.”

चंद्रकला उभीच राहिली. पण रंभाबाई बसली. दात नव्हते, तरी आधी तिनेच भाकर मोडली. “मी त पन्नास सालांपासून भुकेली हाय बाप्पा,” ती म्हणाली. मग एकेक करत बाया बसल्या.

भय्याजींचा चेहरा लाल झाला. “आता सूर्य वर आला, अन् ह्या जेवून राहिल्या! मालनबाई, तुह्या टोळीचं नाव नियमावर होतं.”

“नियम माहा होता. मीच मोडून राहिली. अन् पुढचं बी आयकून घ्या. अर्ध्या बांधीत मी अजून एकदा उठीन, खाईन अन् मंग रोवीन. जिले भूक लागली ती बी उठेल.”

“मंग मी दुसरी टोळी आणतो.”

“आणा की. पण काल तुमीच पऱ्हे उपटून ठेवले.” तिने धुऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे शेकडो पेंड्या रचून ठेवल्या होत्या, मुळं वर. “दुसरी टोळी लाखांदुराहून येईपर्यंत ऊन कडक होईल. उपटलेला पऱ्हा वाट पाहत नाही, भय्याजी. तो वाळते.”

भय्याजींनी पेंड्यांकडे पाहिलं. मग आभाळाकडे, तिथे ढग नव्हता. त्यांनी छत्री उघडली आणि पळसाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. हो म्हणाले नाहीत. पण पेंड्या बांधीत फेकायला गड्याला हात केला.

राहिलं टोक. बाया चिखलात उतरल्या आणि टोकाची जागा मोकळीच ठेवून उभ्या राहिल्या. चंद्रकलाला तिथे उभं राहायचा हुकूम परवाच झाला होता. ती टोकाशी गेली. क्षणभर तिथे थांबली. मग एक पाऊल बाजूला सरकली आणि न बघता म्हणाली, “या, कायले वेळ लावता? ऊन होऊन राहिलं.”

मालनबाई उतरली. पदर खोचला, वाकली. ओळ चालायला लागली. पोट भरलेल्या बायांचे हात त्या दिवशी कसे चालले हे भय्याजींनी कोणाला सांगितलं नाही, पण दहा वाजेपर्यंत बांधी अर्धी हिरवी झाली होती.

तेव्हा मालनबाई थांबली. हातात उरलेली पेंडी तिने चिखलात ठेवली. अर्धी बांधी समोर, अर्धी मागे. तीस वर्षांत या जागी तिची कंबर कधी सरळ झाली नव्हती. तिला ती सरळ करायला जरा वेळ लागला. मग ती वळली आणि न रोवलेल्या चिखलातून, गुडघ्यापर्यंत बुडत, पाय उपसत, शिदोरीकडे चालायला लागली. घाई नव्हती तिला, आणि मागे वळून पाहिलंही नाही.

पळसाखालून भय्याजी पाहत होते. ओळीतल्या बारा बाया वाकलेल्या होत्या तशाच मान वर करून पाहत होत्या. आणि चंद्रकला, हातातली चिमूट हातातच धरून, कंबर सरळ करून उभी राहिली आणि मालनबाई धुऱ्यावर चढेपर्यंत पाहत राहिली.